काचेचं तण

कारखान्यातल्या पहिल्या दिवशी तिच्या हाती काच आलीच नाही, आला तो पेंढा. तिचे वडील तिथे भट्टीवर लोखंडी नळीने काच फुंकायचे. ते गेल्यावर त्यांच्या जागी घरातल्या कुणाला तरी घ्यायचं ठरलं, आणि थोरली म्हणून हिची रवानगी झाली. सतरा वर्षांच्या पोरीला वाटलं, बापाची जागा म्हणजे बापाचं काम. मुकादमाने तिला सरळ मागच्या शेडमध्ये नेलं आणि पेंढ्याच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिथे वीसेक बायका कंदिलाच्या काचा, म्हणजे चिमण्या, पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरत होत्या.

"मला भट्टीवर द्या ना," ती म्हणाली.

"भट्टीवर बाया नसतात."

"का नसतात?"

"नसतात म्हणून नसतात. जास्त शहाणपणा केलास तर इथेही नसशील."

शेडच्या पत्र्याला एक फट होती. बाकीच्या बायका चहाला गेल्या की ही त्या फटीला डोळा लावून उभी राहायची. पलीकडे नळीच्या टोकाला लालभडक गोळा लोंबायचा, कारागीर फुंकर घालायचा आणि तो गोळा जिवंत असल्यासारखा फुगत जायचा. तिच्या वडिलांचे गाल शेवटी रिकाम्या पिशवीसारखे लोंबायला लागले होते. ते कशाने, हे तिला त्या फटीतून कळलं. दोन वर्षं तिने पेंढा उपसला. हाताला इतकी कुसळं टोचलेली असायची, की आई म्हणायची, पोरीला कारखान्यात धाडलंय की शेतात.

मग कारखान्याने इंजेक्शनच्या कुप्या करायला आणि भरून द्यायला घेतल्या. औषध भरलेल्या कुपीची मान ज्योतीवर धरून बंद करायची, हे बारीक बोटांचं काम म्हणून बायकांना दिलं. तिने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. बोटभर निळी ज्योत, समोर कुप्यांची रांग. मान तापवायची, चिमट्याने ओढायची, तोंड मिटलं की पुढची. इतर बायका या कामाला अक्षरशः विटल्या. हिला मात्र काच वितळायला लागण्याआधीचा तो एक क्षण दर वेळी नवा वाटायचा; कडक वस्तू एकदम लाजल्यासारखी व्हायची. ओढून टाकलेल्या तुकड्यांतून ती केसाहून बारीक धागे काढून बघायची. मुकादमाने दोनदा पकडलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या दिवसाची रजा मांडली.

त्याच काळात तिचं लग्न झालं. नवरा बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायचा. सालस माणूस, हात न उगारणारा, आवाज न चढवणारा, आणि घरात काय चाललंय याची फारशी खबर नसणारा. पुढे मुलगी झाली. शेडमधल्या जुन्या बायका हसून म्हणाल्या, चिमण्या भरता भरता हिला चिमणीच झाली. तेच नाव पडलं.

घरोघरी वीज आली तसे कंदील गेले, कुप्यांचं काम दुसऱ्या मोठ्या कारखान्याकडे गेलं आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. बरोबरीच्या बायका शिवणकामाला गेल्या, दुकानांत लागल्या. ही मात्र नळीकाकांचा पत्ता विचारत गेली.

नळीकाका म्हणजे प्रयोगशाळांची काच बनवणारे आणि दुरुस्त करणारे एक किडकिडीत, तिरसट गृहस्थ. कॉलेजांतून, औषध कंपन्यांतून फुटकी यंत्रं त्यांच्याकडे यायची. एका चाळीवजा इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांची लांबट खोली होती. एक मोठा बर्नर, गॅसच्या टाक्या, भिंतीला उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या, आणि तयार माल सावकाश थंड करायची एक छोटी भट्टी.

"काय येतं?" त्यांनी विचारलं.

"कुपीचं तोंड बंद करता येतं."

"तोंड बंद करता येणं ही मोठी कला आहे. आधी स्वतःचं करा. तीन महिने नुसतं बघायचं."

तीन महिन्यांचं वर्ष झालं. ती फरशी झाडायची, काच धुवायची, आणि बघायची. नंतर त्यांनी एक नळी तिच्या हातात दिली आणि ती ज्योतीत फिरवायला सांगितली. डावा आणि उजवा हात एका चालीने फिरला पाहिजे. एक जरा मागे पडला की मऊ झालेल्या नळीला पीळ बसतो. तिच्या नळ्यांना पीळच पीळ बसले. "हे हात आहेत की सवती?" काका विचारायचे. घरी भात शिजेपर्यंत ती लाटण्याची दोन टोकं दोन हातांत धरून फिरवत बसायची. चिमणीला तो खेळ वाटायचा.

नळीच्या आत नळी, तिच्या आत वेटोळं, आणि सगळं बाहेरच्या कवचाला बेमालूम जोडलेलं, असा वाफ थंड करायचा कंडेन्सर एकटीने करायला तिला अकरा वर्षं लागली. तो झाला त्या दिवशी काकांनी तो दोन काळसर काचांच्या मध्ये धरून उजेडासमोर नेला. काचेत कुठे ताण अडकला असला तर तिथे रंग दिसतात. रंग कुठेच दिसला नाही. दुसऱ्या दिवसापासून काका तिला "अहो ताई" म्हणायला लागले.

हे सगळं पोटासाठी होतं. तिच्या मनातली काच वेगळीच होती, आणि ती तिला त्याच वर्षांत सापडली खोलीच्या मागच्या भिंतीवर. तिथे नळ गळायचा. विटांच्या सांध्यात हात हात उंचीचं तण माजलं होतं. डबा खायला ती तिथे पायरीवर बसायची. एकदा ऊन तिरकं पडलं आणि एका काडीवरची पांढरी लव तिच्या नजरेत भरली. पानाच्या देठाशी ती लव दाट होती आणि टोकाकडे विरळ होत गेली होती. तिने ती काडी उपटली, आत नेली आणि तशीच काचेची काडी करायला बसली. काडी झाली. लव होईना. धागे जळून जायचे, नाहीतर त्यांचे गोळे व्हायचे. डब्याच्या सुटीतला अर्धा तास, रोज. सात महिन्यांनी एक काडी उभी राहिली, लवेसकट. वाळून आत वळलेल्या एका पानासकट.

"हे कशाला लागतं?" काकांनी विचारलं.

"कशालाच नाही."

त्यांनी चष्मा पुसला, काडी पुन्हा बघितली. "मग त्याला काळजीपूर्वक थंड करा," म्हणाले. "कशाला न लागणारी वस्तू फुटली तर दुरुस्तीला कोण आणणार?"

ती काडी तिने घरी आणून नवऱ्याला दाखवली तेव्हा तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून मनापासून म्हणाला, "छान आहे. फूल का नाही केलंस? गवत काय, बाहेर फुकट उगवतं." आणि जपून राहावं म्हणून त्याने ती काडी टेबलाच्या खणात, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी ठेवली. पुढे त्या खणात वीस-पंचवीस काड्या जमल्या. शेजारीपाजारी तिला काचबाई म्हणायला लागले. त्यात थोडी चेष्टा होती, पण तिला ते आवडायचं.

चाळिशीत तिने धीर केला. पाच काड्या कापसात गुंडाळून ती कलादालनाच्या वार्षिक प्रदर्शनाला घेऊन गेली. टेबलामागच्या बाईंनी त्या एका बोटाने हलवून पाहिल्या.

"कुठल्या कला महाविद्यालयाच्या तुम्ही?"

"कुठल्याच नाही. मी काचेच्या नळ्यांचं काम करते."

"मग हे हस्तकलेत येईल. पलीकडचा हॉल."

पलीकडच्या हॉलमध्ये विणलेल्या पिशव्या आणि शिंपल्यांच्या आरशांच्या मध्ये तिच्या काड्यांना जागा मिळाली. तीन दिवसांत एका बाईने विचारलं, की या फुलदाणीत पाण्यात ठेवल्या तर चालतील का. चौथ्या दिवशी साफसफाईत दोन मोडल्या. तिने कला महाविद्यालयातही चौकशी केली. प्रवेशाचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. तिथल्या प्राध्यापकांनी काड्या बघून मान डोलावली. "हात उत्तम आहे," ते म्हणाले. "पण यामागे विचार काय?" लव कशी उतरवायची याचा सात महिने केलेला विचार तिला सांगता आला असता, पण ते तो विचार विचारत नव्हते, एवढं तिला कळलं.

त्या दिवशी घरी परतताना तिने ठरवलं, आपल्याला जे बोलता येत नाही ते चिमणीला यायला पाहिजे.

चिमणी तोपर्यंत चौदा वर्षांची झाली होती. शाळा सुटली की ती काकांच्या खोलीत यायची, बर्नरशी बसायची. हात बरा होता, पण धीर नव्हता. काच मऊ व्हायच्या आत ओढायची आणि तडकली की काचेला नावं ठेवायची. तोंड मात्र असं, की काकाही हातातलं काम थांबवून ऐकत. "ही पोरगी फुटलेली बरणीसुद्धा नवी म्हणून विकेल," ते म्हणाले. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं आणि काचबाईने कौतुकानेच घेतलं.

पुढची बारा-तेरा वर्षं एका वाक्यात सांगण्यासारखी आहेत. चिमणी शिकली आणि काचबाई राबली. काका गेले, खोली त्यांच्या पुतण्याकडे आली, त्याला काचेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पाटीवर काकांचं नाव, गल्ल्यावर पुतण्या आणि ज्योतीसमोर काचबाई, असा कारभार चालला. चिमणी कला महाविद्यालयात गेली, मग दूरच्या शहरात मोठ्या संस्थेत, मग परदेशात. काचबाईने स्वतःच्या काड्या करणं जवळपास सोडलं, कारण डब्याच्या सुटीतही आता जादा काम असायचं. पण लेकीचं पत्र आलं, की तिथे काचेसाठी स्वतंत्र इमारतच आहे आणि भट्टीवर मुलीही असतात, तेव्हा तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि पदराने डोळे टिपले. नवरा म्हणाला, "धूर गेला वाटतं डोळ्यात." त्याला खरंच तसं वाटलं होतं.

चिमणी परत आली ती कलावंत होऊन. केस कापलेले, बोलणं हळू आणि ठाम. एका सकाळी ती पक्कड शोधत होती. तिने तो खण उघडला आणि तिथेच खाली बसली.

"आई, हे तू केलंस?"

"अगं, तुझ्यासमोरच तर केलं. लहानपणी बघायचीस की."

"बघितलं नव्हतं मी," चिमणी म्हणाली. तिने एकेक काडी पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढले, दिवसभर. संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "मला अशी तीनशे हवीत. एक अख्खी खोली. फुटक्या फरशीच्या सांध्यांतून वर आलेलं तण, सगळं काचेचं. लोकांनी त्यातून जपून चालायचं. तू करशील?"

तीनशे. काचबाईला हसू आलं आणि रडूही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला विचारत होतं, की तू तुझी काच करशील का. तिने पुतण्याकडची नोकरी सोडली. घरामागच्या पडवीत बर्नर बसवला, काकांची छोटी भट्टी विकत घेतली. दोन वर्षं ती सकाळी सातला बसायची ती दिवस कलेपर्यंत. चिमणी येऊन बघून जायची, फोटो काढायची, फरशीचे नकाशे दाखवायची. काचबाईने सत्तावीस तऱ्हांचं तण केलं. रस्त्याच्या कडेने चालताना ती मध्येच वाकून गवत उपटायची आणि पिशवीत घालायची. नवरा दहा पावलं पुढे जाऊन आपण हिच्याबरोबर नाही असं दाखवायचा.

शेवटच्या काही महिन्यांत ज्योतीभोवती धुकं दिसायला लागलं. पस्तीस वर्षं ज्योतीत बघितलेलं, त्याचे भोग असणार, असं म्हणून तिने डोळ्यांत थेंब घातले आणि काम पुरं केलं. डॉक्टरकडे गेलं तर ते थांबायला सांगतील, या भीतीने गेली नाही. तारीख ठरली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली. दार उघडलं आणि तिचे पाय उंबऱ्यातच थबकले. लांबच लांब रिकामी खोली, पायाखाली भेगाळलेल्या जुन्या फरश्या, आणि भेगाभेगांतून तिचं तण उभं. खिडकीतून आलेलं ऊन त्यातून आरपार जाऊन भिंतीवर थरथरत होतं. मोठमोठी माणसं श्वास रोखून पावलं टाकत होती. खोली चिमणीने अशी मांडली होती, की काचबाईला स्वतःचंच काम परकं आणि थोर वाटलं. तेवढं श्रेय लेकीचं होतं आणि ते तिने मनोमन देऊन टाकलं.

मग ती दाराशेजारचा फलक वाचायला गेली. वर मोठ्या अक्षरांत चिमणीचं खरं नाव. खाली तीन परिच्छेद. "लहानपणी एका गळक्या नळामागच्या भिंतीवर मी हे तण पाहिलं, आणि त्याच्या देठावरची लव माझ्या मनात रुतून बसली..." असं त्यात होतं. सगळ्यात शेवटी आभारांच्या यादीत, विजेची जोडणी करणाऱ्याच्या आणि फरशीवाल्याच्या नावांनंतर एक ओळ होती: "तांत्रिक साहाय्य: आई."

तिने ती ओळ परत वाचली. धुकं होतं डोळ्यांपुढे, वाटलं काहीतरी वाचायचं राहिलं असेल. राहिलं नव्हतं.

एक दाढीवाले समीक्षक तिच्याजवळ आले. "तुम्ही मातोश्री ना? तुम्हालाही काचेची आवड आहे का?"

"थोडीफार," काचबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीच्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. वर्तमानपत्रात लेकीचा मोठा फोटो होता. काचबाईचा नवरा तो कापून घ्यायला कात्री शोधत होता.

"ती भिंत मी बघितली होती," काचबाई म्हणाली. "तू तेव्हा शाळेत होतीस."

चिमणीने कप खाली ठेवला. "आई, ती लिहायची एक पद्धत असते. मी तुझ्याकडून ऐकलं, म्हणजे ती आठवण माझीही झाली ना."

"आणि काड्या?"

"काड्या तू केल्यास. कोण नाही म्हणतंय? पण खोली मी केली. जगात सगळीकडे असंच असतं. कल्पना ज्याची, काम त्याचं. घर बांधणाऱ्याच्या नावाची पाटी कुणी लावतं का?"

"कल्पनाही माझीच होती गं. वीस वर्षं खणात पडली होती."

"पडली होती, तेच म्हणतेय मी," चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी उघडला नसता तर आणखी वीस वर्षं पक्कडीशेजारीच राहिली असती."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. नवऱ्याला कात्री सापडली. तो म्हणाला, "घरातलं घरात आहे. लेकीचं काय नि तुझं काय. उगाच पराचा कावळा करू नये."

दुसऱ्या कुणी केलं असतं तर काचबाई चार लोकांत बोलली असती. पोटच्या पोरीविरुद्ध कुणाच्या दारात जाणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती त्याच दिवशी घरी परतली.

प्रदर्शन गाजलं. शहराच्या संग्रहालयाने ती खोली जशीच्या तशी आपल्याकडे कायमची मांडून घेतली. वर्षभराने चिमणीने नवी खोली आखली, पाचशे काड्यांची. काचबाईने फोनवर एकाच शब्दात सांगितलं, "नाही." चिमणीने फार आग्रह केला नाही. एका कारखान्याकडून साच्यात घालून काड्या करवून घेतल्या. काचबाई न सांगता ते प्रदर्शन बघून आली. देठ जाड, पानं एकसारखी, लवेच्या नावाने नुसते काटे. आपल्या पोरीच्या डोळ्यांना हे कसं चाललं, तेच तिला कळेना. आणि लोक मात्र तसेच श्वास रोखून चालत होते. तेच दाढीवाले समीक्षक म्हणत होते, की ही पहिल्या खोलीच्या पुढची पायरी आहे. तिने एका तरुण जोडप्याला मुद्दाम विचारलं, "आधीचं पाहिलंत? फरक वाटतो?" मुलगी म्हणाली, "हे जास्त भव्य आहे."

त्या दिवशी बसमध्ये तिच्या मनात एक वाईट समाधान होतं. लोक आंधळे आहेत, डोळस काय ती मी एकटी. पुढचं वर्षभर तिने हे समाधान उराशी धरलं.

मग नवरा गेला. बसल्या जागी, पेपर वाचता वाचता. तेराव्या दिवसानंतर लेक महिनाभर राहिली आणि हट्टाने आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दवाखान्यातल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "आजींचा व्यवसाय?"

"गृहिणी लिहा," चिमणी घाईत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. सगळेच तसं लिहितात. काचबाईने दाखवलेल्या जागी सही केली.

शस्त्रक्रिया छान झाली. पट्टी सुटली आणि जग असं लख्ख झालं, की तिला खिडकीच्या काचेवरचे पुसल्याचे फराटे मोजता आले. बरं वाटल्यावर पहिली गेली ती संग्रहालयात. आपलं काम धडक्या डोळ्यांनी एकदा बघायचं होतं. कामाच्या दिवशीची दुपार होती, खोलीत कुणी नव्हतं. दाराजवळच्या काड्या तिने वाकून बघितल्या. लव देठाशी दाट, टोकाकडे विरळ. पानाच्या वळणात पुढची घडी दिसायची. तिला काकांची आठवण झाली. ती खिडकीकडे सरकत गेली.

खिडकीखालच्या कोपऱ्यात ती थांबली. तिथल्या काड्यांचे देठ ओबडधोबड होते. लवेचे गोळे झाले होते. एका पानाला चक्क चिमट्याचा दात उमटला होता. हे नंतर कुणी बदललं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिला ते पान आठवलं. ते तिने शेवटच्या महिन्यात केलं होतं, धुक्यात, आणि आपल्या परीने खूश होऊन भट्टीत ठेवलं होतं. तिने सगळ्या मोजल्या. अशा एकसष्ट होत्या. कारखान्यातल्या साच्याच्या काड्यांपेक्षा त्या फार बऱ्या नव्हत्या.

आणि तेही कुणाला दिसलं नव्हतं. चिमणीलाही नाही, समीक्षकांनाही नाही. तिला स्वतःलाही नाही.

"बाई, मागे व्हा, हात लावायचा नसतो," पहारेकरी दारातून म्हणाला.

"या कोपऱ्यातल्या बिघडल्यात," ती म्हणाली.

"बिघडल्यात कसल्या? रोज मोजतो मी. तीनशेच्या तीनशे आहेत."

ती घरी आली आणि बर्नर पेटवला. डोळे धड झाले होते, पण आता हात राहिले नव्हते. दोन हातांची चाल पुन्हा जुळेना. नळ्यांना पीळ बसायला लागले, पहिल्या वर्षी बसायचे तसे. तरी ती रोज बसायची. दहा काड्या केल्या तर एक बरी व्हायची. बरी, चांगली नाही.

असं चाललं असताना एका रविवारी चिमणी आली. येताना फळं आणली होती आणि बोलायला काहीतरी आणलं होतं, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"आई, संग्रहालय त्या खोलीचं पुस्तक काढतंय," ती म्हणाली. "एका अभ्यासक मुलीने मला विचारलं, काच नेमकी कुणाच्या हातची. आजकाल हे विचारतात. मी सांगितलं तिला. पाटी बदलायचं ठरलंय. तुझं नाव येईल. आई म्हणून नाही, पूर्ण नाव. माझ्या बरोबरीने, तेवढ्याच अक्षरांत. काचकलाकार म्हणून." ती थांबली. "तेव्हाच करायला हवं होतं मी. चुकलं."

सतराव्या वर्षापासून जे हवं होतं ते समोरच्या खुर्चीवर येऊन बसलं होतं, फळांची पिशवी घेऊन.

"खिडकीखालच्या एकसष्ट काढून टाक आधी," ती म्हणाली.

"काय?"

"वाईट आहेत त्या. डोळे गेले होते माझे. मी नवीन करून देते. वेळ लागेल, पण देते. मग लाव नाव."

"आई, ते आता संग्रहालयाचं आहे. एक काडीसुद्धा हलवता येत नाही. आणि कुणाला दिसतंय ते?"

"तुला दिसलं नाही?"

चिमणीने खरं ते सांगितलं. "नाही. मला सगळ्या सारख्याच वाटतात. सुंदर."

काचबाईने पिशवीतली फळं एकेक करून टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "मग माझं नाव नको. आहे तेच राहू दे."

"तू अजून रागावलीयस माझ्यावर."

"राग होता. आता तो विषय नाही. त्या एकसष्टांवर माझं नाव मी लावू देणार नाही."

"म्हणजे उरलेल्या दोनशे एकोणचाळीसही बिननावाच्या राहणार?"

"राहू देत."

चिमणीने समजावलं, रडली, थोडी चिडलीही. शेवटी आईचा स्वभावच तुटेपर्यंत ताणायचा, असं म्हणून निघून गेली. पुस्तक आलं. त्यात जुनीच ओळ छापली होती. चिमणी भेटेल त्याला सांगायची, मी नाव द्यायला गेले होते, आईनेच नाकारलं, तिने मला कधी माफच केलं नाही. नातेवाइकांना ते पटलं. म्हातारपणी माणसं हेकट होतात, असं म्हणून त्यांनी मायलेकींची समजूत घालायचाही प्रयत्न केला. एकसष्ट काड्यांचं कुणाला सांगावं, असं काचबाईला कधी वाटलं नाही. सांगून ते दिसणार नव्हतं.

लेक अजूनही दर रविवारी फोन करते. औषधं घेतलीस का, पाणी येतं का, मोलकरीण वेळेवर येते का, एवढं विचारते. काचबाई सगळ्याला हो म्हणते. काचेबद्दल दोघी बोलत नाहीत. फोन ठेवला की ती पडवीत जाते, चष्मा चढवते आणि ज्योत लावते. आतापर्यंत तिच्या मनासारख्या चार झाल्यात.